टाचणीचा सत्कार

आखातात, जाब्रियातल्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन असलेल्या सुखदाला शहराबाहेरच्या डबक्यावर टाचणी दिसली. टाचणी म्हणजे चतुराची बारीक बहीण. बसली की पंख पाठीवर मिटून घेते. हिच्या शेपटीच्या टोकाशी निळा ठिपका होता. पुण्यातल्या अभ्यासकाने फोटोवरून इश्नुरा इवान्सी असं नाव कळवलं, पण खात्रीसाठी नराच्या शेपटीचा जवळून फोटो मागितला. त्यासाठी डबकं टिकायला हवं होतं, आणि ते जगत होतं एका फुटक्या पाइपाच्या जिवावर.

मराठी मंडळाचे अध्यक्ष विजय यांना बातमी लागली.

"सुखदाताई, सत्कार करायचा!"

"कुणाचा?"

"तुमचाच. टाचणीला शाल कशी पांघरणार?"

"दादा, जागा मात्र कुणाला सांगू नका."

"छे! कार्यक्रमच तिथे ठेवू. सांगायचा प्रश्नच मिटला."

प्रमुख पाहुण्याशिवाय मंडळाला सत्कार पचत नाही. मंडळातले मोठे डॉक्टर त्या दिवशी ड्यूटीवर, म्हणून विजय यांनी ओळखीतले इंजिनिअर फैसल यांना आणलं. ते पाइपलाइनची देखभाल करणाऱ्या कंपनीत होते. सुखदाला हे कळलं तेव्हा वाळूत सतरंजी अंथरून झाली होती.

वाऱ्याने समई काही पेटू दिली नाही. शाल, श्रीफळ झालं. मग विजय यांनी सुखदाने अभ्यासकाला पाठवलेलं टिपण पाहुण्यांसाठी इंग्रजीतून, खड्या आवाजात वाचलं: लव्हाळं, उथळ पाणी, आणि पाण्याचा उगम म्हणजे वर्षानुवर्षं कुणी न दुरुस्त केलेली गळती.

टाळ्या पडल्या. फैसल यांनी वाजवल्या नाहीत. ते उठले, लव्हाळ्यात डोकावले आणि फोन लावला.

दुसऱ्या सकाळी तिथे जेसीबी हजर. आठवड्यात चिखलाला भेगा पडल्या. मंडळाच्या ग्रुपवर विजय यांनी लिहिलं, "आपल्या पाठपुराव्याला यश! लवकरच फैसलसाहेबांचा सत्कार."

महिन्याभराने सुखदा तिथे गेली, कारण राहवेना. सांधलेला पाइप घट्ट होता. त्यातल्या पाण्याचा जोर मात्र पुढच्या जोडाला सोसला नव्हता. पलीकडच्या खळग्यात पाणी साठलं होतं आणि वाळक्या काडीवर नर बसला होता. सुखदाने चिखलात सत्काराची शाल अंथरली, तिच्यावर पालथी पडली आणि हवा तो फोटो घेतला.

फोन वाजला. विजय.

"ताई, पुन्हा दिसली का हो टाचणी? साहेबांच्या सत्कारात तिचाही उल्लेख करू म्हणतो."

"नाही हो दादा. सगळं कोरडं ठणठणीत आहे," सुखदा म्हणाली आणि उठून शाल पिळू लागली.