सतराव्या पानावरचा उतार

पत्र येऊन दोन वर्षं सात महिने झाले होते आणि उत्तरादाखल एकच शब्द लिहायचा होता. हो किंवा नाही. एवढ्या कामासाठी खोडरबरने चौदा मसुदे केले होते. त्यातला सर्वात लांब नऊ पानांचा होता, आणि त्या नऊ पानांत या दोन्ही शब्दांचा मागमूस नव्हता.

खोडरबर हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. नकाशा कार्यालयात चौतीस वर्षं तो जंगलातले रस्ते काढत असे, आणि काढण्यापेक्षा खोडतच जास्त असे, म्हणून तिथल्या लोकांनी हे नाव ठेवलं. निवृत्तीनंतर त्याने भीत भीत एक छोटं पुस्तक लिहिलं : जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवरून सायकलने कसं फिरावं. पुस्तक तसं बरं होतं. प्रत्येक पूल, प्रत्येक वळण जिथल्या तिथे. फक्त एक गोष्ट प्रस्तावनेत सांगायची राहिली होती, ती म्हणजे यातल्या एकाही रस्त्यावर तो कधी गेलेला नव्हता. नकाशावरच्या उंचीच्या रेषा मोजत, सगळं जंगल त्याने टेबलावर बसून बोटाने पालथं घातलं होतं.

पत्र एका जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचं होतं. त्या गावोगाव सायकलनेच जात. सतराव्या पानावर खोडरबरने लिहिलं होतं, 'लाकडी पूल ओलांडल्यावर सौम्य उतार लागतो. इथे ब्रेकला हात लावू नये, रस्ता आपल्याला अलगद खाली नेतो.' बाईंनी हात लावला नव्हता. रस्त्याने खाली नेलं हे त्यांना मान्य होतं. 'अलगद' या शब्दाविषयी मात्र त्यांचं मत वेगळं होतं, आणि ते त्यांनी डाव्या हाताने लिहिलं होतं, कारण उजवा गळ्यात होता. शेवटी एकच प्रश्न होता : 'हे लिहिण्याआधी आपण स्वतः या उतारावरून सायकलवर बसून गेला होतात का? हो की नाही, एवढंच कळवावं. राग नाही. कुतूहल आहे.'

या शेवटच्या दोन वाक्यांनी खोडरबरची झोप उडवली. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते. कुतूहल असलेल्या माणसाचं करायचं काय?

मसुदे सापडले ते ताईला. कात्री शोधताना तिने चुकीचा खण उघडला. ताई त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, म्हणजे चौऱ्याहत्तरची. उभा जन्म तिने लोकांना पोहायला शिकवण्यात घालवला होता आणि काठावर कुडकुडत उभ्या असलेल्या माणसाचं काय करायचं हे तिला पाठ होतं. तिने बाईंचं पत्र आणि चौदाही मसुदे उभ्या उभ्या वाचले आणि मग सायकलींत हवा भरायला घेतली.

खोडरबरला वाटलं, ही नामी युक्ती आहे. आज उतरून आलो की उद्या छातीठोकपणे 'हो' लिहिता येईल. ताईला सायकल चालवायची होती.

नकाशात खडीला चिन्ह नसतं, हे खोडरबरला रविवारी सकाळी साडेआठला कळलं. टेबलावर अर्ध्या सेंटीमीटरचा असलेला रस्ता संपायला पाऊण तास लागला. चाक एकीकडे, हँडल दुसरीकडे आणि खोडरबर तिसरीकडे जाऊ पाहत होता. पुढे तर रस्ता छपराच्या पन्हळी पत्र्यासारखा झाला. तिथे त्याने ताईला अकरावं पान वाचून दाखवायला सुरुवात केली. हादऱ्यांमुळे प्रत्येक शब्दाचे सहा-सात तुकडे होत होते, आणि ते ऐकून झाडीतून दोन शेळ्या बाहेर आल्या. आपल्यातलंच कुणी बोलावतंय असं वाटून त्या पुलापर्यंत मागे मागे आल्या, आणि वाचन थांबल्यावर हिरमुसून परत गेल्या.

पूल आला. पुलापलीकडे उतार होता आणि त्यावर सुपारीएवढी खडी पसरलेली होती. खोडरबर वीस मिनिटं तिथे उभा राहिला. त्याने पुस्तक पाहिलं, उतार पाहिला, पुन्हा पुस्तक पाहिलं. दोघांचं एकमेकांशी काही नातं असल्याचं दिसत नव्हतं. चालत उतरून बघायला काय हरकत आहे, असं त्याने विचारलं.

ताई म्हणाली, "अरे, पुस्तक तुझं आहे. तू तरी त्याच्यावर विश्वास ठेव."

तो निघाला. ब्रेकला हात लावला नाही, कारण दोन्ही हातांनी हँडल गच्च आवळलं होतं आणि बोटं उघडत नव्हती. अर्ध्या वाटेपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम झालं. आता त्याच्या नकाशावर उंचीची एक रेषा वीस मीटरला, पुढची आणखी वीस मीटरला. मधल्या वीस मीटरांत काय आहे हे नकाशा सांगत नाही, आणि चौतीस वर्षांत खोडरबरने ते कधी विचारलंही नव्हतं. तिथे एक उंचवटा होता. चांगला म्हशीएवढा. सायकल उंचवट्यावरून डावीकडे गेली आणि खोडरबर सरळ गेला.

तो पडला ते भुशाच्या ढिगात. शेजारी लाकडाची वखार होती. वखारवाला हातात पाण्याचा तांब्या आणि झाडू घेऊन सावकाश बाहेर आला. त्याला कसलीच घाई दिसत नव्हती.

"सतरावं पान का?" त्याने विचारलं.

खोडरबरने भुसा थुंकत मान डोलावली.

झाडूने त्याची पाठ झटकत वखारवाल्याने सगळं सांगितलं. भुशाचा ढीग पूर्वी वखारीच्या मागे असे. डॉक्टरीणबाई पडल्या तेव्हापासून तो इथे लावतो. त्यानंतर अकरा जण आले, बहुतेक रविवारीच; खोडरबर बारावा. एक जोडपं तर आवडलं म्हणून दुसऱ्यांदा आलं होतं. मग उताराकडे बघत तो कौतुकाने म्हणाला, "लेखक कोण आहे ते माहीत नाही, पण छातीचा माणूस असणार. आम्ही इथले, तरी इथून चालत उतरतो."

आजवर कुणीही खोडरबरला छातीचा माणूस म्हटलं नव्हतं. ते ऐकायला इतकं गोड वाटलं की तो भुशात थोडा आणखी रुतून बसला. गप्प राहिलं की झालं. ताई पाय घासत, दोन्ही ब्रेक दाबत खाली येऊन पोचली होती आणि चपलेतली खडी झटकत होती.

"मीच तो," खोडरबर म्हणाला. "आणि इथे आज पहिल्यांदाच आलोय."

वखारवाल्याचा झाडू थांबला. "मग लिहिलंत कशावरून?"

खोडरबरने भुशात बोटाने दोन रेषा काढल्या आणि मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. वखारवाल्याने त्या जागेकडे बराच वेळ पाहिलं. मग उताराकडे पाहिलं. "जरा बाजूला सरकून बोलू या," तो म्हणाला. "आज रविवार आहे."

परतताना सायकल हातात धरून चालत खोडरबरने हळूच विषय काढला, की आता 'हो' लिहायला तशी हरकत नसावी.

"तिने 'लिहिण्याआधी' म्हणून विचारलंय," ताई म्हणाली. "आणि 'बसून' म्हणून. शेवटचे पंधरा हात तू कशावर बसला होतास?"

घरी आल्यावर, कोपराला मलम लावून, खोडरबरने पंधरावं पत्र लिहिलं. दहा मिनिटांत झालं. 'नाही. आज गेलो, अर्ध्या वाटेपर्यंत बसून आणि पुढे हवेतून. नव्या आवृत्तीत या उताराबद्दल काय लिहावं हे कृपया आपणच सांगावं. या रस्त्यावर आपण माझ्या आधी गेला आहात.'

पत्रपेटी कोपऱ्यावरच होती. ताईने बरोबर यायला साफ नकार दिला. खोडरबरने पाकीट पेटीच्या फटीत घातलं, पण सोडवेना. मनगटापर्यंत हात आत घालून तो किती वेळ उभा होता कोण जाणे. मागे एक बाई पाकीट घेऊन थांबली होती. शेवटी तिने विचारलं, काका, टाकताय की काढताय?

"टाकतोय," तो म्हणाला आणि बोटं उघडली.