चार घरांचं यंत्र

ऑर्विल केस्टनरच्या धाकट्या लेकीला, नादिनला, जुळं झालं ते १९९४ साल. काडतुसं भरायचं नवं यंत्र त्याने घेतलं तेही त्याच वर्षी, जानेवारीत.

त्याआधी तीस वर्षं तो एकेरी यंत्रावर भरत असे. पन्नास रिकाम्या पितळी पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करायच्या, बंदुकीची दारू मापून घालायची, मग दिवा धरून दारू सारखी पडली का ते पन्नासांच्याही पोटात डोकावून बघायचं. आता बोटांचे सांधे धरले होते, आणि भरायची तर दोघांची. मेव्हणा डेल्मारचा उजवा पंजा गवताचे गठ्ठे बांधताना चिरडला होता. नेम तो डाव्या हाताने धरी, पण भरणं जमत नसे. दुसऱ्याच्या हातची काडतुसं कुणी उडवायची नाहीत, असा त्यांच्या नेमबाजीच्या क्लबाचा कडक रिवाज. डेल्मारपुरता तो सगळ्यांनी सैल सोडला होता, कारण भरणारा ऑर्विल होता. ऑर्विलला याचा फार अभिमान.

टेबलावर दोन कॅटलॉग उघडे होते. दोन्ही यंत्रांत दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस पडे. चार घरांच्या यंत्राची चकती दर ओढीनंतर अंगठ्याने फिरवायची, म्हणजे तिच्यावरची प्रत्येक पुंगळी पुढच्या घरात सरके. पाच घरांच्या यंत्राची आपोआप फिरे, आणि दारू कमी-जास्त पडली की घंटी वाजे.

“दाजी, पाचवालं घ्या. वरचे पैसे मी घालतो,” डेल्मार म्हणाला.

“घंटी कशाला? मी काय गाय आहे?”

“गाय परवडली. हाक मारली तर ऐकते तरी.”

चुलीपाशी उभी असलेली ऑर्विलची बायको आयोनी भावाच्या बाजूने हसली. “त्याला घंटी नको, दावंच बांध.”

“तीस वर्षांत माझं एक तरी काडतूस चुकलं?”

“नाही. पण तेव्हा तुम्ही प्रत्येक पुंगळीत बघत होता, दाजी. आता हात पळणार.”

“अंगठा माझा, डोळा माझा. मला यंत्राने शिकवायचं नाही.”

चार घरांचं आलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात भरताना फोन वाजला. दारू नुकतीच पडली होती, अंगठा चकतीकडे निघाला होता. नादिनला मुलगा आणि मुलगी! ऑर्विल हसतच परतला आणि दांडा ओढला. दहा-बारा ओढींनंतर हात थांबला. चकती फिरवली होती का? नसेल, तर एका पुंगळीत दुप्पट दारू गेली होती. ती कुठली, हे कळायला मार्ग नव्हता. तयार काडतुसं सगळी एकाच डब्यात पडत होती, ऐंशीच्या वर.

सगळी ठोकून फोडायला हवी होती. त्याच्या बोटांना दोन दिवस लागले असते, आणि डेल्मारने विचारलं असतं, का फोडली? त्याने ती काट्यावर तोलली. पुंगळ्या नाना कारखान्यांच्या. पितळेच्या वजनातला फरक दारूच्या फरकाहून मोठा. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी तोलली. सहा जड भरली, ती फोडली. सहाही बरोबर निघाली.

‘फिरवलीच असणार,’ तो स्वतःशी म्हणाला.

शनिवारी, बारा तारखेला, डेल्मारने त्याच डब्यातली सहा काडतुसं रिव्हॉल्व्हरमध्ये घातली. “दाजी, आजोबा झालात. आज तरी हरा माझ्याकडून.”

थांब, आज दुकानातली घे, असं ऑर्विलच्या तोंडाशी आलं. मागे क्लबातले चौघे उभे होते.

“आधी सरळ उभा राहा,” तो म्हणाला.

निशाणाच्या दोन लोखंडी ताटल्या पडल्या. तिसरा बार वेगळाच वाजला. रिव्हॉल्व्हरची वरची पट्टी उडाली आणि तिचा तुकडा डेल्मारच्या गळ्यात घुसला. इस्पितळाची गाडी येईपर्यंत ऑर्विलने दोन्ही हातांनी तिथे दाबून धरलं होतं.

इस्पितळाच्या बाकावर आयोनीने विचारलं, “तुला शंका होती?”

“होती.”

ती उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

डेल्मार हॉट सोमवारी, १४ मार्च १९९४ रोजी, सकाळी नॉर्थ प्लॅटच्या इस्पितळात वारला. वय अठ्ठावन्न.