अप्पांचा उजवा पाय

तिने पोलादी ब्रॅकेट व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि त्यावर घण घातला. दोन आठवडे खपून स्वतः कापलेला, कानशीने घासून गुळगुळीत केलेला ब्रॅकेट. पाचव्या घावाला तो भोकापाशी वाकला.

"झालं समाधान?" आई कपडे वाळत घालता घालता म्हणाली. "लोक केलेलं जपून ठेवतात, आमची बया मोडून बघते."

अप्पा पायरीवर बसून बघत होते. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. गाडी दुसरं कुणी चालवू लागलं की शेजारी बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायचा. घरच्या जुन्या गाडीत त्या बाजूच्या पायपुसण्याला टाचेएवढं भोक पडलं होतं.

त्या गाडीचे ब्रेक आता घाट उतरताना दम सोडत, आणि लेकीची नवी नोकरी घाटापलीकडे. भंगारातून तिने मोठ्या गाडीच्या ब्रेकच्या तबकड्या आणि त्यांना चिमटीत धरणारे कॅलिपर मिळवले होते. ते या चाकांवर बसवायचा जोड मात्र बाजारात कुठेच नव्हता, म्हणून हा घरचा कारखाना. अप्पांनी एकदाच सांगून ठेवलं होतं, की शेजारी बसून घाट उतरून बघेन. मन धजलं नाही तर गाडी विकायची.

पहिलं माप आपण गंजाच्या थरावरूनच घेतलं, म्हणून भोक कडेला सरकलं, हे तिच्या लक्षात आलं. ती गाडीखाली शिरली, गंज खरवडून काढला, पुठ्ठ्याचा नमुना नव्याने कापला. या वेळी ट्रकच्या सांगाड्याची जाड पट्टी घेतली. आठवडाभर घरात कानशीचाच आवाज. नव्या ब्रॅकेटवर तिने वीस घाव घातले. अप्पांचे ओठ मोजत होते. ब्रॅकेट जागचा हलला नाही.

मग मार खाल्लेला तो तुकडा तिने बाजूला ठेवला आणि चाकांसाठी तसेच दोन कोरे घडवले.

"हा चांगला आहे की," आई म्हणाली.

"त्याने आपलं काम केलं," ती म्हणाली.

दोन दिवस सपाट रस्त्यावर गाडी थांबवून थांबवून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बापलेक घाटात गेले. उतार लागला. वळणाच्या बरंच आधी तिने ब्रेक दाबला. गाडी जराही न डगमगता शहाण्यासारखी थांबली.

तिची नजर सवयीने शेजारी खाली गेली. पायपुसण्याच्या भोकावर नुसत्या चपला होत्या. अप्पा सीटवर मांडी घालून खिडकीबाहेर बघत बसले होते.

"चपला कधी काढल्यात?"

"घरून निघालो तेव्हाच," ते म्हणाले. "चल आता, मागे लोक खोळंबलेत."