टेबलाखालची उशी

मेकॅनिकनं टेबलाखाली हात घालून कॉम्प्युटरचा डबा ओढला, तर डब्याच्या आधी एक उशी बाहेर आली. चपटी, निळ्या खोळीची, मधोमध दोन खळगे पडलेली.

"ही कशाला इथं, काका?"

"असू दे," टायपिस्टकाका म्हणाले, आणि त्यानं ती बाजूला टाकायच्या आत स्वतःच उचलून झटकली.

डब्याच्या एका बाजूचं झाकण कधीच निघालेलं होतं. मेकॅनिकनं बटण दाबलं. पंखा घरघरला, पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि गाडी तिथंच अडून बसली.

"हार्ड डिस्क सापडत नाही म्हणतोय. कधीपासून?"

"झाली असतील सात-आठ वर्षं."

मेकॅनिक वळून बघतच राहिला. "आणि इतकी वर्षं चालवलात कसा?"

आता हे परक्या माणसाला काय सांगायचं? रोज सकाळी काकू त्या उशीवर गुडघे टेकून टेबलाखाली शिरायच्या आणि डिस्कची वायर बोटानं दाबून धरायच्या. वर काका बटण दाबायचे आणि अक्षरं उमटली की कीबोर्डवरची एक कळ. "आलं का?" खालून. "थांब." "आता?" "थांब म्हटलं ना." "मान मोडली माझी!" मग चित्र यायचं. एकदा तापला की दिवसभर बिनतक्रार चालायचा. काकू बाहेर यायच्या तेव्हा केसांत जळमट असायचं आणि काका ते काढून टाकायचे. इतक्या वर्षांच्या संसारात एकमेकांना हात लावायला तेवढंच निमित्त उरलं होतं म्हणा ना. दुरुस्त करून घ्या, असं लोक सांगायचे. चालतंय की, असं दोघंही म्हणायची.

काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, त्या दोन महिन्यांसाठी. बाळ रांगायला लागलं, लेक पुन्हा नोकरीवर जाऊ लागली आणि काकू तिकडेच राहिल्या. काका रोज फोन करायचे, बाळाच्या दातांची चौकशी करायचे. "ये" हा शब्द ओठांपर्यंत यायचा आणि आल्या पावली परत जायचा. माणूस हट्टी नव्हता, त्याला मागणं जमत नव्हतं एवढंच. जन्मभर त्यांनी बायकोला बोलावलं ते "अगं, जरा वायर धर" असं.

मेकॅनिकला बोलवायचंही त्यांनी असंच लांबवलं होतं. बोलावणं म्हणजे ती येत नाही, हे आपणच कबूल करणं. पण परीक्षा तोंडावर आल्या, शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करायच्या पडून राहिल्या आणि मुख्याध्यापकांचा निर्वाणीचा फोन आला. त्यांचा नाइलाज झाला.

"अहो, नुसती वायर खराब आहे!" मेकॅनिक हसला. "एवढ्याशा वायरीसाठी घरातलं अख्खं माणूस कामाला लावलंत?"

त्यानं पिशवीतून नवी वायर काढली. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. काकू होत्या.

"जेवलात का?"

"हो. बाळ?"

"आत्ता झोपलंय. शाळेचं काम अडलंय ना हो तुमचं?"

काकांनी मेकॅनिककडे पाठ केली. "अडलंय तर. तुझ्याशिवाय कुठं सुरू होतोय हा."

एवढं बोलायलाही त्यांना आठ महिने लागले होते. "मग मी काय म्हणते..." काकूंनी सुरुवात केली, आणि नेमकी तेव्हाच खोलीत कॉम्प्युटर सुरू झाल्याची धून वाजली. पूर्ण, न अडखळता.

"झालं, काका!" मेकॅनिक ओरडला.

"सुरू झाला वाटतं?" काकू म्हणाल्या. "वायर कोणी धरलीय?"

"कोणी नाही. बदलली."



"बरं झालं." पाहुण्यांशी बोलावं तसा काकूंचा आवाज झाला होता. "म्हणजे आता माझ्यावाचून काही अडत नाही तुमचं. मीच वेडी. सकाळी लेकीला सांगून बसले, बाबांचं काम खोळंबलंय, मला जायलाच हवं म्हणून."

काकांच्या हातात अजून ती उशी होती. नवी वायर उपटून फेकून द्यावी असं त्यांना वाटलं. पण ऐकू जायचं ते ऐकू गेलं होतं.

"ऐक," ते म्हणाले. "काम काही नाही. तशीच ये."

"तशीच म्हणजे?"

मेकॅनिक एकाएकी खाली वाकून हरवलेला स्क्रू शोधू लागला. स्क्रू त्याच्या हातातच होता.

"म्हणजे घर खायला उठतं गं. ये."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"ती उशी टाकून नाही ना दिलीत?"

"हातातच आहे."

"मग ठेवा जागेवर. मी नाही म्हणून पसारा नको."

काका दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून हळूहळू वाकले आणि खळगे वर येतील अशी ती उशी त्यांनी टेबलाखाली ठेवली.