फोन आला नाही म्हणजे

बाईंनी फायलीच्या तळाशी जाऊन शेवटचं नाव वाचलं. नाव अर्धंच होतं. पुढे काहीच नव्हतं.

दवाखान्याच्या प्रयोगशाळेत संगणकाचं सगळं बाईच बघायच्या. त्यांची स्क्रिप्ट, म्हणजे त्यांनी लिहिलेला छोटा प्रोग्राम, रोज दुपारी वाईट रिपोर्टांची यादी फायलीत लिहायची, आणि त्या यादीवरून सिस्टर फोन करायच्या. पेशंटला सांगूनच ठेवलेलं असायचं, फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, निर्धास्त राहा.

तीन आठवड्यांपूर्वी एक दिवस संगणकाची डिस्क काठोकाठ भरली आणि त्या दिवसाच्या यादीची शेपटी लिहिलीच गेली नाही. स्क्रिप्टने मात्र खुशाल ‘काम पूर्ण’ सांगितलं. सांगणारच! पूर्वी शेवटी कधीमधी लाल अक्षरांत बिघाडाची सूचना यायची, मोठे डॉक्टर वैतागायचे. तेव्हा बाईंनीच एक ओळ घालून तिचं तोंड बंद केलं होतं. फाइल लिहून बंद करताना काही बिघडलं तरी गप्प बस. कटकट गेली म्हणून वर शाबासकीही मिळाली होती. आज सकाळी एक मुलगी वडिलांचा रिपोर्ट मागायला खिडकीशी आली नसती, आणि तो वाईट असूनही यादीत नाही हे दिसलं नसतं, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

बाईंनी ती ओळ खोडली. आता फाइल धड बंद झाली तरच ‘पूर्ण’. नाहीतर लाल अक्षरांत बोंब, आणि यादी पुढे जायचीच नाही. दोन मिनिटांचं काम. राहिलेली माणसं अकरा; त्यांची नावं बाईंनी कागदावर उतरवली.

सिस्टर म्हणाल्या, द्या इकडे, माझं रोजचंच आहे. बाईंनी कागद दिला नाही. मूळ नोंदीतून त्या अर्ध्या नावाचा नंबर काढून त्यांनी फिरवला.

“काका, दवाखान्यातून बोलतेय.”

काकांचा आवाज खणखणीत. पहिला आठवडा फोनकडे बघत काढला, म्हणाले, मग म्हटलं सुटलो. तेव्हा कुठे ही पोटभर जेवली. बोलता बोलता त्यांनी बायकोलाही हाक मारली, ये गं, दवाखान्यातला फोन आहे.

“सगळं ठीक आहे, हेच सांगायला केलात ना?”

सिस्टर अजून हात पुढे करून उभ्या होत्या. बाईंना फार वाटलं, फोन देऊन टाकावा. त्यांनी तो दुसऱ्या कानाला लावला.

“नाही, काका,” त्या म्हणाल्या. “तीन आठवड्यांपूर्वीच करायचा होता. चूक माझी आहे. तुम्ही दोघंही बसा, मी सांगते.”