डेलच्या गाडीचे जोड

सियाचं बारसं झालं ते २००५ साल. मे महिना होता. श्रीराम आणि शैला पांचाळ मिरजेहून अमेरिकेत, ईडन प्रेरीला मुलाकडे आले ते नातीला पाळण्यात घालायला, आणि सहा महिन्यांच्या आत परत जायला. तिकीट वीस ऑक्टोबरचं होतं. शैलाने ते साडीच्या घडीत ठेवलं. मिरजेत थोरल्या बहिणीला, लताक्काला, तिने सांगून ठेवलं होतं की यंदा दिवाळीचं सगळं आपण दोघी मिळून करू.

शैलाला दमा होता. थंडी पडायच्या आत परत या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि तेही श्रीरामच्या समोर.

मुलगा विनय आणि सून आश्लेषा, दोघं नोकरीवाले. शैलाच्या मांडीवर दिवसभर नात असायची. श्रीरामला मात्र काही काम नव्हतं. चाळीस वर्षं त्याने आर्गन वेल्डिंग केलं होतं. डेअरीच्या दुधाच्या टाक्या जोडण्यात त्याची हयात गेली. जोडावरून बोट फिरवलं तर जोड कुठे आहे ते कळू नये, असं त्याचं काम. पण मुलाच्या घरात दाराची बिजागरी कुरकुरली तरी विनय म्हणायचा, बाबा, राहू द्या, मी माणूस बोलावतो.

शेजारी डेल नावाचा सत्तरीचा गोरा म्हातारा राहायचा, एकटाच. जूनमध्ये एकदा त्याच्या गॅरेजचं दार उघडं होतं. आत लोखंडी टेबलावर नळ्यांचा एक सांगाडा होता, चांगला पंधरा फूट लांब आणि शिडीसारखा अरुंद. श्रीराम रस्त्यावरच थबकला. डेल एक जोड करत होता आणि त्याचा हात थरथरत होता. जोडावर नुसती ढेकळं साचली होती. श्रीरामला ते बघवेना. तो आत गेला आणि हात पुढे केला. डेलने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि वेल्डिंगची टॉर्च त्याच्या हातात दिली.

संध्याकाळी विनयने डेलशी बोलून सगळं समजून घेतलं. तो सांगाडा ड्रॅगस्टर नावाच्या शर्यतीच्या गाडीचा होता, जुन्या तऱ्हेच्या. सरळ रेषेत पाव मैल सुसाट जायचं, एवढंच त्या गाडीचं काम. इंजिन पुढे, आणि चालवणारा पार शेवटी, मागच्या आसावर दोन्हीकडे पाय टाकून बसलेला. डेलने तरुणपणी अशीच एक गाडी चालवली होती. मरायच्या आधी तशीच पुन्हा घरी बांधायची, हा त्याचा ध्यास.

"म्हणजे इंजिन फुटलं तर सगळं त्याच्याच तोंडावर?" शैलाने विचारलं.

"म्हणून तर पुढे लोकांनी इंजिन मागे नेलं," श्रीराम म्हणाला.

"सगळ्या जगाला कळलं ते तुम्हा दोघांना नाही कळलं का?"

विनय पोट धरून हसला. श्रीरामही हसला, पण दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला डेलच्या दारात हजर होता.

डेलला मराठी येत नव्हतं आणि श्रीरामला इंग्रजी जेमतेम. पण नळीचं टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर फट न राहता बसेपर्यंत घासायचं, चार बाजूंनी टाके मारायचे, माप पुन्हा घ्यायचं, मगच पुरा जोड करायचा, यात भाषेचं काय अडतं? डेल त्याला शिरी म्हणायचा. जोड झाला की भिंग घेऊन बघायचा आणि नुसती मान हलवायचा. चाळीस वर्षांत कुठल्या साहेबाने श्रीरामचा जोड भिंगातून बघितला नव्हता.

ऑक्टोबर उजाडला. सांगाड्याचं बरंच काम झालं होतं, पण चालवणाऱ्याच्या डोक्यावरची कमान राहिली होती. गाडी उलटली तर माणूस वाचतो तो त्या कमानीमुळे. ते काम डेलच्या हातून होणारं नव्हतं.

तेव्हाच विनयने बापाला बाजूला घेतलं. आश्लेषाची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि सियाला पाळणाघरात जानेवारीशिवाय जागा मिळत नव्हती. मुक्काम वाढवायचा अर्ज करता येईल, असं तो म्हणाला. "पण बाबा, आईला नीट विचारा. तिला जायचं असेल तर मी काहीतरी मॅनेज करीन. थंडीचंही बघायला हवं. मी विचारलं तर ती नाही म्हणणार नाही, म्हणून तुम्ही विचारा."

श्रीराम वर गेला. शैला सियाला थोपटत होती.

"विनय म्हणतो, राहा," तो म्हणाला. "सियाला जागा मिळत नाहीये."

"तो म्हणाला असं?"

"हो."

उरलेलं वाक्य त्याने गिळलं. शैलाने सियाचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, लताक्काला मी फोन करते, ती समजून घेईल. खाली येऊन श्रीरामने विनयला सांगितलं की आईलाच राहायचंय. विनयने विचारलं, थंडीचं काय? श्रीराम म्हणाला, घरात हीटर आहे.

दोन्हीकडे अर्धं अर्धं बोलूनही हे खपलं, कारण त्या घरात मायलेक एकमेकांना असलं काही विचारत नसत. आईला वाटे, मी परत जायचं काढलं तर मुलगा म्हणेल, माझ्या अडचणीला आई थांबली नाही. मुलाला वाटे, जातेस का विचारलं तर आई म्हणेल, मला घालवायला बसलाय. ही भीड श्रीरामला ठाऊक होती. तिच्यावरच त्याने आपला बेत उभा केला.

खंडेनवमीला शैला पहिल्यांदाच डेलच्या गॅरेजात आली. हातात हळदकुंकवाची वाटी होती. तुमचं हत्यार परक्याच्या घरी आहे म्हणून काय बिनपूजेचं राहणार, म्हणाली. तिने टॉर्चला हळदकुंकू वाहिलं, सांगाड्यालाही बोट लावलं. आजच्या दिवस हत्याराला हात लावायचा नाही, हे डेलला खुणेने समजावलं. मग श्रीरामला विचारलं, अजून किती राहिलंय? "थोडंच," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघता आलं नाही.

त्याच दिवशी तो बोलला असता तर वीस तारखेचं विमान मिळत होतं.

नोव्हेंबरात बर्फ पडलं. शैला घराबाहेर पडेनाशी झाली. हीटरच्या कोरड्या हवेने तिचा घसा धरला, मग छाती भरली. रात्री ती उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. विनय डॉक्टरकडे घेऊन जायचा, औषधं बदलायची. प्रत्येक वेळी श्रीराम मनात म्हणायचा, आज सांगतो. आणि सकाळी कोट चढवून डेलकडे जायचा. कमान नीट बसत नव्हती. त्याने ती दोनदा कापून काढली आणि पुन्हा घातली.

जानेवारीच्या अठरा तारखेला दुपारी डेलच्या भिंतीवरचा फोन वाजला. डेलने रिसीव्हर पुढे केला. आश्लेषा होती, सासूला बरं नाही म्हणून त्या दिवशी घरीच राहिलेली. आईंना श्वास घेता येत नाहीये, मी अँब्युलन्स बोलावली आहे, तुम्ही लगेच या. आलो, म्हणून श्रीरामने फोन ठेवला. कमानीचा शेवटचा जोड निम्मा झाला होता. निम्म्यावर सोडला तर तिथे पुढे चीर जाते. त्याने डोळ्यांवर मुखवटा ओढला आणि जोड पुरा केला. चार मिनिटं लागली असतील. तो घरी पोचला तेव्हा अँब्युलन्स कोपऱ्यावर वळत होती.

न्यूमोनिया होता. दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला करून शैला विनयशी बोलली. सियाची जागा लागली का, तिने विचारलं. पुढच्या सोमवारपासून, तो म्हणाला.

"मग झालं तर. तेवढ्यासाठीच थांबले रे. तू म्हणालास म्हणून."

विनय तिच्याकडे बघत राहिला. "आई, मला तर बाबा म्हणाले की तुलाच राहायचंय."

शैलाने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर श्रीरामला बरं वाटलं असतं.

"गाडी झाली का हो?" तिने विचारलं.

"झाली," तो म्हणाला. आणि ते खरं होतं.

तिने मास्क पुन्हा नाकावर ओढून घेतला. विनय उठून खिडकीपाशी गेला. त्याने बापाला त्या दिवशी काही विचारलं नाही, नंतरही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगायला श्रीरामजवळ निदान सियाच्या पाळणाघराची ती एक सबब तरी होती.

शैला श्रीराम पांचाळ, वय चौसष्ट, २१ जानेवारी २००६ रोजी शनिवारी सकाळी त्याच हॉस्पिटलात वारली.