टोपलीखालची बरणी

"सेंगा, खिडकीतली बरणी कुठाय?"

सेंगा अंगणात हिरवी केळी सोलत बसली होती. ती नालुबोवाची नणंद. सेंगा म्हणजे आत्या; सगळं घरदार तिला तसंच म्हणे. नालुबोवाचा नवरा लिओ वारल्यापासून मसाका गावातल्या त्या घरात तिचंच राज्य होतं.

"कुठली? ते शेवाळलेलं पाणी? पाहुणे नाकं मुरडत होते. कोठीत ठेवलीय, टोपलीखाली."

"अंधारात? अहो, केव्हापासून?"

"माती दिली त्या दिवसापासून. फेकून द्यायला हवी होती का? वारस बसवायचा विधी होईपर्यंत लिओची काडीसुद्धा घराबाहेर जायची नाही, ही आपली रीत. एवढं मला कळतं, मास्तरीणबाई!"

नालुबोवा कोठीकडे धावली. टोपली उचलली. बरणीतलं हिरवंगार पाणी तांदळाच्या धुवणासारखं फिकट झालं होतं.

ते पाणी तिने आणि लिओने लग्नाच्या वर्षी माशांच्या तळ्यातून आणलं होतं. मुलींच्या एकाच शाळेत ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, तो प्राणिशास्त्र. आणि या पाण्यातल्या युग्लीनावर दोघांचाही हक्क. एका पेशीचा जीव, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसायचा नाही. पानासारखा उन्हावर स्वतःचं अन्न करतो, म्हणून ती म्हणे झाड. चाबकासारखी शेपटी हलवत पोहतो, म्हणून तो म्हणे प्राणी. वर्गात मुलींसमोर भांडता भांडता त्यांचं जमलं. हरेल त्याने जन्मभर सकाळचा चहा करायचा, असं ठरलं होतं. हरलं कुणीच नाही, म्हणून चहाच्या पाळ्या लागल्या. पुढे नव्या पुस्तकाने युग्लीनाला झाडांतूनही काढलं आणि प्राण्यांतूनही, आणि तिसऱ्याच घरात नेऊन बसवलं. तेव्हा लिओ कितीतरी दिवस धुसफुसत होता.

"भांडण मिटवायला आलेल्या शेजाऱ्यासारखं आहे हे पुस्तक! तुला खरं बघायचंय ना? बरणी अंधारात ठेवू. मी भाताची शितं घालतोच आहे. हिरवेपणा जाईल, पण खाऊन-पिऊन जगेल. मग तुझं झाड कुठे राहिलं?"

"माझ्या बरणीला अंधारात नेलंस तर बघ!"

त्याने कधी नेली नाही. तिला हरवायची त्याला घाई नव्हती, हे तिला आत्ता कोठीत उभं असताना कळलं.

तिने जुना पितळी सूक्ष्मदर्शक खिडकीत मांडला, आरशावर ऊन घेतलं आणि काचेवर एक थेंब ठेवला. बघायचा धीर होईना. मेलं असेल तर लिओचं या घरातलं शेवटचं जिवंत काही गेलं. मग तिने डोळा लावला.

पाण्यात रंग उडालेले जीव पोहत होते, गिरक्या घेत, अगदी मजेत.

"जिंकलास रे," ती म्हणाली, आणि माती देतानाही न आलेलं रडू तिला तिथे आलं. ती पोटभर रडली.

मग तिने चहा केला, दोन कप.

"दुसरा कुणाला?" सेंगाने विचारलं.

"लिओला. हरले मी."

सेंगाने तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. हात पुसले आणि कप उचलला. "मग मलाच दे. भाऊ माझा होता." दोघी पायरीवर बसून चहा प्यायल्या.

बरणी पुन्हा खिडकीत गेली. पाहुणे गेले, सेंगाही गावी परतली. रोज सकाळी नालुबोवा चहा करायची. हरल्यावर दुसरं काय? एका सकाळी ऊन बरणीवर आलं आणि तिला पाण्यात हिरवी झाक दिसली. भास असेल म्हणून तिने पदराने काच पुसली. हिरवंच होतं.

"लिओ, बघ! झालं की नाही पुन्हा झाड?"

ती वळली आणि थांबली. लिओ उत्तराआधी नेहमी चष्मा काढून पुसायचा, तेवढा वेळ तिने वाट पाहिली. खुर्ची रिकामीच होती.

तिने बरणीत भाताचं एक शीत टाकलं. भांडण आता पुन्हा बरोबरीत आलं होतं. म्हणजे पुन्हा पाळ्या. कालचा चहा तिने केला होता, आज पाळी त्याची.

शेगडी थंड होती. नालुबोवाने ती पेटवली नाही; ती रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिली.